मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये नेमका कुठला इफेक्ट साइज (परिणामाचं माप) घ्यायचा? एसएमडी, एमडी, ओआर, आरआर… डोकं फिरलंय

कंबरपट्टा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपीची पीजी विद्यार्थिनी, सोलापूरचीच. विषय कंबरदुखी आणि व्यायाम, त्यातही कामगारांची कंबरदुखी. पूर्व भागातले यंत्रमागवाले आणि दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायका ओपीडीत इतक्या येतात की विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. जगभरातल्या रँडमाइज्ड ट्रायल्स (चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट गटांत वाटून केलेले अभ्यास) गोळा केल्या, गाळल्या, एक्सेलमध्ये भरल्या, आता मेटा-अ‍ॅनालिसिसला (सगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र करून एक सरासरी काढायला) बसले आणि इथंच गाडी रुतलीय.

अडचण अशी. वेदना कुणी ० ते १० सेंटिमीटरच्या व्हीएएसवर (किती दुखतं ते पेशंट रेघेवर खूण करून दाखवतो ती पट्टी) मोजलीय, कुणी ० ते १०० मिलिमीटरवर. रोजची कामं किती जमतात ते कुणी ऑस्वेस्ट्रीवर, कुणी रोलंड-मॉरिसवर, एकदोघांनी एसएफ-३६ वर (तिन्ही प्रश्नावल्या). काहींनी उपचारानंतरचा स्कोअर दिलाय, काहींनी नुसतं "इतक्यानं कमी झाला". आणि काही पेपरमध्ये स्कोअरच नाही, फक्त इतक्यातले इतके बरे झाले. गाइड म्हणतात सगळं एसएमडीत (स्टँडर्डाइज्ड मीन डिफरन्स) टाकून दे, एकच फॉरेस्ट प्लॉट (सगळ्या ट्रायल्सचे निकाल एकाखाली एक दाखवणारा आलेख) येईल, छान दिसेल. सिनियर म्हणते ऑड्स रेशो (ओआर) घे, सगळे तोच देतात. मला दोन्ही पटत नाहीये, पण का पटत नाही तेही धड सांगता येत नाहीये.

कुणी यातलं केलंय का? सोप्या भाषेत सांगाल तर उपकार होतील.

हातमाग

पहिला! बाकी काय कळालं नाय पण धागा भारी हाय. आमच्या कंबरेवर लोक पीजी करलालेत आणि आम्हाला पत्ताच नाय बे.

पीव्हॅल्यू

कंबरपट्टा, वेदनेसाठी एसएमडीची गरजच नाहीये. ० ते १० सेंमी आणि ० ते १०० मिमी ही एकच पट्टी आहे. सेंमीवाल्यांचे मीन (सरासरी) आणि एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) दोन्ही दहानं गुण (एसडीसुद्धा! लोक मीन गुणतात आणि एसडी तसाच सोडतात) आणि सरळ मीन डिफरन्स (एमडी, दोन गटांच्या सरासरीतला फरक) काढ. उत्तर मिलिमीटरमध्ये येईल, ते तुझ्या ओपीडीतल्या कुणालाही समजेल.

एसएमडी म्हणजे दोन गटांतला फरक भागिले एसडी. तो कधी घ्यायचा, तर एकच गोष्ट वेगवेगळ्या हत्यारांनी मोजलीय आणि एकाचं दुसऱ्यात सरळ रूपांतर होत नाही तेव्हा. ऑस्वेस्ट्री ० ते १००, रोलंड-मॉरिस ० ते २४, तिथं इलाज नाही, तिथं एसएमडी घे. पण एक बघ, या दोन्हींत आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त, आणि एसएफ-३६ च्या फिजिकल फंक्शनिंगमध्ये बरोबर उलटं, आकडा जास्त म्हणजे तब्येत चांगली. त्या स्टडीजचे मीन उणे एकनं गुणायचे, एसडीला हात लावायचा नाही. हे राहिलं तर अर्धे फायदे तोट्याच्या बाजूला जाऊन बसतात आणि सरासरी शून्याजवळ येते, मग लोक निष्कर्ष लिहितात की व्यायामानं काही होत नाही.

विजापूरवेस

पीव्हॅल्यूशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). चादरीची लांबी एकानं इंचात मोजली आणि एकानं सेंटिमीटरात, म्हणून आपण दोन्ही एसडीनं भागत बसतो का? २.५४ नं गुणतो आणि मोकळं होतो.

हातमाग

@विजापूरवेस चादर मोजायचं आम्हाला नका शिकवू ओ 😀

सिग्मा

पुण्याहून लिहितोय, सोलापूरकरांनी चालवून घ्यावे.

एसएमडी "नाइलाज असेल तर" एवढंच म्हणून पुढे जाण्यासारखा नाही, त्यात एक खोट आहे ती धागाकर्तीनं नीट समजून घ्यावी. भाजकात जो एसडी बसतो तो उपचाराचा गुण नाही, कोणते पेशंट घेतले त्याचा गुण आहे. समजा व्यायामानं १२ मिमी फरक पडतो. एका ट्रायलनं कडक निकष लावून सगळे एकसारखे पेशंट घेतले, एसडी १५ आला, एसएमडी ०.८. दुसरीनं दारात येईल त्याला घेतलं, एसडी ३०, एसएमडी ०.४. फरक तोच, फायदा तोच, पण एक "मोठा परिणाम" आणि दुसरा "लहान ते मध्यम" म्हणून छापला जातो. वर आय-स्क्वेअर (ट्रायल्सचे निकाल एकमेकांपासून किती वेगळे ते सांगणारा आकडा) फुगतो आणि आपण हेटरोजेनिटीची (या वेगळेपणाची) कारणं शोधत हिंडतो, जी आपणच भाजकातून आत आणलेली असते.

आणि ते ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा हे तुणतुणं. हे आकडे देणाऱ्या कोहेननं स्वतःच बजावलंय की हाताशी दुसरा काही चांगला आधार नसेल तेव्हाच हे आकडे वापरा. तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं लोकांनी पाठ केलं.

पीव्हॅल्यू

@सिग्मा मान्य. त्यावर उतारा म्हणजे पूल (एकत्र) केलेला एसएमडी शेवटी एखाद्या ओळखीच्या स्केलवर परत आणायचा. ऑस्वेस्ट्रीचा नेहमीचा एसडी समजा १६ धरला तर ०.५ म्हणजे ८ गुण. वाचणाऱ्याला ८ गुण कळतात, ०.५ कळत नाही.

नुसताच_वाचक

कोहेनचा डी, हेजेसचा जी, ग्लासचा डेल्टा, हे सगळे एसएमडीच ना? मग तीन नावं कशाला?

सिग्मा

@नुसताच_वाचक तिघांचा भाजक आणि दुरुस्ती वेगळी. मेटा-अ‍ॅनालिसिस हे नाव ज्यानं १९७६ साली रूढ केलं तो जीन ग्लास, त्याचा डेल्टा फक्त कंट्रोल गटाच्या एसडीनं भागतो. त्यामागचा विचार असा की उपचारानं नुसती सरासरीच नाही तर पसाराही बदलू शकतो, मग न बिघडलेला एसडी वापरावा. कोहेनचा डी दोन्ही गटांचा एकत्र केलेला एसडी घेतो. लहान सँपलमध्ये हा डी जरा फुगलेला येतो, म्हणून हेजेसनं १९८१ साली दुरुस्ती दिली: डी ला साधारण १ वजा ३ भागिले (४ × डीएफ − १) नं गुणा. दोन्हीकडे दहा-दहा पेशंट असतील तर डीएफ (एकूण पेशंट वजा दोन) १८, गुणक ०.९६ च्या आसपास, म्हणजे ०.८० चे ०.७७ होतात. छत्तीस-छत्तीस असतील तर गुणक ०.९९, फरक नावालाच. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण पेपरात "कोहेनचा डी" लिहून आत हेजेसचा जी काढलेला असतो असं सर्रास दिसतं, तेवढं टाळा.

जुना_स्टेथो

उशिरा आलो. मी प्रॅक्टिसमधला माणूस, संख्याशास्त्री नव्हे, तरी "बरे झाले / नाही झाले" वाल्या पेपरांबद्दल बोलतो, कारण ऑड्स रेशोनं आम्हा डॉक्टरांना जितकं फसवलंय तितकं कुणी फसवलं नसेल.

एकच उदाहरण घ्या. व्यायाम गटात १०० पैकी ८० बरे, कंट्रोलमध्ये १०० पैकी ६०.
बरे होण्याचा रिस्क रेशो (आरआर): ८० भागिले ६०, १.३३.
ऑड्स रेशो (प्रत्येक गटात बरे भागिले बरे न झालेले, मग त्यांचं गुणोत्तर): ८०/२० भागिले ६०/४०, म्हणजे २.६७.
रिस्क डिफरन्स: २० टक्के पॉइंट.
एनएनटी: ५, म्हणजे पाच जणांना व्यायाम दिला तर एक जास्तीचा बरा.

आता सांगा, वर्तमानपत्रात काय येणार? "व्यायामानं बरे होण्याची शक्यता अडीचपटीहून जास्त!" अहो, साठाचे ऐंशी झाले, त्यात अडीचपट कुठून आली? घटना दुर्मीळ असेल तर ओआर आणि आरआर जवळजवळ सारखे येतात, पण कंबरदुखीतून बरं होणं दुर्मीळ नाही, सुदैवानं. तेव्हा ताई, रिस्क रेशो घ्या आणि सोबत एनएनटी द्या.

पीव्हॅल्यू

@जुना_स्टेथो सर, उदाहरण झकास, पण त्याच उदाहरणात रिस्क रेशोची लबाडीही आहे. "बरे न होणे" मोजा: २० विरुद्ध ४०, रिस्क रेशो ०.५. म्हणजे एका बाजूनं बघितलं तर ३३ टक्के वाढ आणि दुसऱ्या बाजूनं निम्मा त्रास गायब, आकडे तेच. ऑड्स रेशो या बाबतीत प्रामाणिक, कुठूनही बघा, २.६७ किंवा त्याचा व्यस्त ०.३७५. म्हणून आरआर घ्यायचा तर कुठली बाजू मोजणार ते आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं, निकाल बघून नाही. आणि केस-कंट्रोल स्टडी (आजारी आणि निरोगी लोक आधी निवडून मागे वळून कारण शोधायचं) असेल तर ऑड्स रेशोच, कारण केसेस किती आणि कंट्रोल किती घ्यायचे ते आपणच ठरवलेलं असतं, तिथं रिस्क निघतच नाही.

जुना_स्टेथो

@पीव्हॅल्यू प्रामाणिक असेल हो, पण पेशंटला ऑड्स सांगून बघा एकदा.

पीव्हॅल्यू

पेशंटला लॉगही सांगत नाही सर, तरी गणित सगळं लॉगवरच होतं 😀 ओआर, आरआर दोन्हींचा लॉग घ्यायचा, त्यावर सरासरी, मग परत उलटवायचं. सरळ रेशोंची सरासरी काढली तर ०.५ आणि २ मिळून १.२५ येतात, यायला हवा १.

मालदांडी

अवांतर होईल पण लिहितो. आम्ही शेतीतले लोक, आमच्याकडे ही भानगड निराळ्या वाटेनं सुटते. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या ट्रायल्स घ्या. समजा एखाद्या खताच्या पद्धतीनं कोरडवाहू रानात हेक्टरी ६ क्विंटलचे साडेसात झाले आणि पाण्याच्या रानात २० चे २५. मीन डिफरन्स घेतला तर एकीकडे दीड, दुसरीकडे पाच, वाटतं दोन वेगळीच खतं आहेत. गुणोत्तर घेतलं तर दोन्हीकडे १.२५. आम्ही त्याचा लॉग घेतो, त्याला रिस्पॉन्स रेशो म्हणतात, हेजेस, गुरेविच आणि कर्टिस यांचा १९९९ चा पेपर आहे, इकॉलॉजीवाले आणि शेतीवाले सगळे तोच वापरतात. एसएमडी आमच्यात फारसा चालत नाही कारण शेतकऱ्याला "अर्धा एसडी उत्पन्न वाढलं" म्हणून सांगितलं तर तो बैठकीतनं उठून जाईल.

पण रिस्पॉन्स रेशोलाही अटी आहेत. मोजमापाला खरा शून्य पाहिजे आणि सरासरी शून्याच्या फार जवळ नको. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची तीव्रता टक्क्यांत मोजतात, चांगल्या बागेत ती शून्य असते, तिथं गुणोत्तर काढायला जाल तर शून्यानं भागावं लागेल. आणि तापमानाचं तर नावच नको. सोलापूर ४० आणि महाबळेश्वर २० म्हणून सोलापूर दुप्पट गरम होत नाही, फॅरनहाइटमध्ये तेच १०४ आणि ६८, दीडपट.

विजापूरवेस

दुप्पट नसेल पण एप्रिलमध्ये दुपारी सात रस्ता चौकात उभं राहून बघा, चौपट वाटतं.

काकू_नवीपेठ

मला काही कळत नाही यातलं पण माझी कंबर दुखते, नेमका कुठला व्यायाम करायचा ते कुणीच लिहिलं नाही 🙂

कंबरपट्टा

@काकू_नवीपेठ काकू, नेटवरून व्यायाम नको, आधी कुणाला तरी दाखवून घ्या. पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर लगेच.

@सगळे, खूप खूप धन्यवाद, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वेदनेचे सगळे मिमीत करून घेतले, पण आता एक विचित्र प्रकार दिसतोय. एका ट्रायलचा एसएमडी ३ येतोय!! बाकी सगळे ०.३ ते ०.७ मध्ये. आकडे गोल करून देते: दोन्ही गटांत ३६-३६ पेशंट, १० च्या स्केलवर फरक १.२, आणि टेबलात सरासरीपुढे ± ०.४. खाली लिहिलंय पी (उपचारात फरक नसतानाही एवढा किंवा मोठा फरक दिसण्याची शक्यता) = ०.०४. गाइड म्हणाले आउटलायर म्हणून काढून टाक.

सिग्मा

काढू नका! तो ± ०.४ एसडी नाहीच, स्टँडर्ड एरर (एसई, सरासरीचा अंदाज किती डळमळतो ते) आहे. एसई ला √एन नं (एन म्हणजे गटातले पेशंट) गुणलं की एसडी, ०.४ × ६ = २.४. आता एसएमडी १.२ भागिले २.४, म्हणजे ०.५. बसला ना बाकीच्यांच्या रांगेत?

आणि पुरावा त्यांच्याच पी मध्ये आहे. एसडी २.४ धरला तर फरकाची एसई २.४ × √(२/३६), म्हणजे ०.५७, टी (फरक भागिले त्याची एसई) २.१, पी ०.०४ च्या आसपास, त्यांनी छापलाय तोच. एसडी खरंच ०.४ असता तर टी बाराच्या वर गेला असता आणि पी मध्ये दशांशचिन्हानंतर शून्यांची माळ लागली असती. माणसांच्या वेदनेचा एसडी दहाच्या स्केलवर ०.४ येणं म्हणजे सगळ्यांना जवळपास सारखंच दुखतंय. तरी लेखकांना एक ईमेल टाका, आणि उत्तर नाही आलं तर हे गणित अपेंडिक्समध्ये दाखवा.

पीव्हॅल्यू

सिग्मा, दंडवत. कंबरपट्टा, हीच ट्रिक कॉन्फिडन्स इंटरव्हललाही (खरी सरासरी जिथं असण्याचा अंदाज तो पट्टा): एका गटाच्या सरासरीचा ९५ टक्के इंटरव्हल दिला असेल तर त्याची रुंदी भागिले ३.९२, गुणिले √एन, म्हणजे एसडी. गट लहान असेल तर ३.९२ ऐवजी टी टेबलातला आकडा. मीडियन (मधला आकडा) आणि आयक्यूआर (मधल्या निम्म्या आकड्यांचा पट्टा) असेल तर आयक्यूआर भागिले १.३५, पण डेटा एकीकडे झुकलेला नसेल तरच. झुकलेला असेल तर ती आकडेमोड म्हणजे स्वतःची समजूत घालणं.

पीएचडी_गॅरंटी

[हा प्रतिसाद संपादित केला आहे.]

संपादक

"फॉरेस्ट प्लॉटसह संपूर्ण थिसिस दहा दिवसांत" ही जाहिरात उडवली आहे. धागा वाचायचा तरी कष्ट घ्या.

हातमाग

दहा दिवसांत? आमची एक चादर त्याहून जास्त विचार करून निघती.

झणझणीत

मी जरा उलटं बोलतो, चालेल ना. सफरचंद-संत्री एकत्र करून रस काढायचा आणि त्याला विज्ञान म्हणायचं हा प्रकार मला पहिल्यापासून पटत नाही. मेरी स्मिथ आणि ग्लासनं १९७७ साली मानसोपचाराचे ३७५ अभ्यास एकत्र केले आणि सांगितलं की सरासरी परिणाम ०.६८ एसडी. आयझेंकनं पुढच्याच वर्षी त्याला "मेगा-सिलिनेस" म्हणून हिणवलं. कुठलाही उपचार, कुठलाही आजार, कुठलंही मोजमाप, सगळं एसडीनं भागलं की झालं सारखं? इथंही कंबरदुखीच्या धाग्यात तेच चाललंय.

जिल्हाफिरस्ती

@झणझणीत भाऊ, टीका जुनी आहे आणि अर्धी खरी आहे, म्हणून तर इतके प्रतिसाद पडलेत. योग्य माप घेतलं तर मेटा-अ‍ॅनालिसिस फरक लपवत नाही, दाखवतं. आम्ही पब्लिक हेल्थवाले नेहमी बीसीजीचं उदाहरण देतो. कोल्डिट्झ आणि मंडळींनी १९९४ साली १३ ट्रायल्स एकत्र केल्या, टीबीचा रिस्क रेशो ०.४९, म्हणजे धोका साधारण निम्मा. पण आतल्या ट्रायल्स बघा. कॅनडातली फर्ग्युसन-सिम्सची छोटी ट्रायल: लस घेतलेल्या ३०६ मधले ६, न घेतलेल्या ३०३ मधले २९, रेशो ०.२०. ब्रिटनची हार्ट-सदरलँडची: १३,५९८ मधले ६२ आणि १२,८६७ मधले २४८, रेशो ०.२४. दोन्ही रेशो जवळजवळ सारखे. आता रिस्क डिफरन्स काढा: कॅनडात साडेसात टक्के पॉइंट, ब्रिटनमध्ये दीड. कारण मुळात टीबीचं प्रमाणच वेगळं होतं. म्हणजे एका मापानं दोन्ही ट्रायल्स एकमेकींना दुजोरा देतात, दुसऱ्यानं भांडतात.

आणि आपली मद्रासची ट्रायल? ८८,३९१ मधले ५०५ विरुद्ध ८८,३९१ मधले ४९९. रेशो १.०१, फायदा काहीच नाही. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका लसीचा परिणाम जास्त असं त्या १३ ट्रायल्समध्ये दिसतं, मद्रास १३ अंशांवर, सोलापूरही साडेसतराच्याच आसपास. हा फरक रेशोनं स्पष्ट दिसला, म्हणून कारण शोधता आलं. (या ट्रायल्समध्ये टीबी होतो का एवढंच मोजलं, लहान मुलांना बीसीजी द्यायची ती मेंदूच्या आणि पसरणाऱ्या टीबीसाठी, तेव्हा इथं वाचून कुणी लस टाळू नका.)

म्हणून आमचा शिरस्ता असा: पूल करायचं रेशोवर, कारण तो एका गावाहून दुसऱ्या गावाला बऱ्यापैकी टिकतो, आणि सांगायचं टक्क्यांत, आपल्या गावचा बेसलाइन घेऊन. रेशो ०.५ असेल आणि एरवी ४० टक्क्यांना त्रास होत असेल तर २० होतील, एनएनटी ५. एरवी ४ टक्क्यांनाच होत असेल तर २, एनएनटी ५०. म्हणून स्टेथो सरांचा एनएनटी ट्रायल्समधून थेट पूल करू नये, शेवटी काढावा.

जुना_स्टेथो

@जिल्हाफिरस्ती हे मात्र पटलं. लिहून घेतलं.

झणझणीत

बीसीजीचं मान्य. पण तिथं सगळ्यांनी टीबीच मोजला होता. इथं ऑस्वेस्ट्री आणि एसएफ-३६ एकत्र करताय, माझा आक्षेप तसाच आहे.

सिग्मा

@झणझणीत आक्षेप ठेवाच. एसएफ-३६ हे सर्वसाधारण तब्येतीचं माप, कंबरेचं नाही, आणि एकदोनच स्टडीज आहेत. त्या वगळून एकदा बघावं असं मीही सुचवणार होतो.

अवांतरात अवांतर: वेगवेगळ्या गटांचे आकडे एकत्र करायची खोड १९७६ च्याही आधीची. १९०४ साली कार्ल पिअरसननं विषमज्वराच्या लसीचे ब्रिटिश सैन्यातले आकडे घेतले, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान दोन्हीकडचे, प्रत्येक गटाचं कोरिलेशन (दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते) काढून सरासरी घेतली, आणि म्हणाला की परिणाम फार अशक्त आणि विसंगत आहे. लसवाला अल्मरॉथ राइट भडकला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोघांची जुंपली. आजारी पडला की नाही अशा हो-नाही आकड्यांवर कोरिलेशन! आज कुणी रिस्क रेशो काढला असता.

शेंगाचटणी

वाचनखूण साठवली. एक शंका, काही पेपर "कामावर परत जायला किती दिवस" असं देतात, त्याचं काय?

पीव्हॅल्यू

@शेंगाचटणी तिथं सरासरी दिवसांचा मीन डिफरन्स घ्यायचा मोह होतो, पण काही लोक अभ्यास संपेपर्यंत कामावर गेलेलेच नसतात, त्यांचे दिवस किती धरणार? तिथं हॅझर्ड रेशो घ्यायचा, म्हणजे दोन गटांच्या कामावर परतण्याच्या वेगांचं गुणोत्तर. पेपरात थेट दिला असेल तर उत्तम, नसेल तर कॅप्लन-मायर आलेखावरून (किती दिवसांत किती जण परतले तो) आणि लॉगरँक चाचणीच्या पी वरून काढायच्या रीती आहेत, पार्मार आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा पेपर बघ.

कंबरपट्टा

आता "इतक्यानं कमी झाला" वाल्यांचं सांगा ना कुणीतरी. वेदनेत सहाएक पेपर फायनल स्कोअरचे आणि चार बदलाचे आहेत.

सिग्मा

मीन डिफरन्स घेत असाल तर एकत्र चालतात. रँडमाइज्ड ट्रायलमध्ये सुरुवात दोन्ही गटांची सारखी असते, त्यामुळे शेवटच्या स्कोअरमधला फरक आणि बदलांमधला फरक सरासरीनं एकाच गोष्टीचा अंदाज देतात. एसएमडीत मात्र एकत्र करू नका, कारण दोन्हींचे एसडी वेगळे. आधी-नंतर दोन्हीकडे एसडी २.४ आणि त्यांच्यातलं कोरिलेशन ०.८ असेल तर बदलाचा एसडी १.५ येतो. मग तोच १.२ चा फरक एका स्टडीत ०.५ आणि दुसऱ्यात ०.८ दिसणार. तेव्हा कामाच्या क्षमतेत एक तर सगळे फायनल स्कोअर मिळवा, नाहीतर दोन वेगळे गट करा.

कंट्रोल गटच नसलेले, नुसते आधी-नंतरवाले पेपर असतील तर ते या यादीत घेऊच नका. कंबरदुखी बऱ्याचदा आपोआपही कमी होते, तो सगळा फायदा व्यायामाच्या खात्यावर जमा होतो.

झणझणीत

शाब्बास, इथं आपलं जमलं.

कंबरपट्टा

ठरलं ते असं, चुकत असेल तर सांगा:

वेदना मिमीत, मीन डिफरन्स, फायनल आणि बदल दोन्ही. कामाची क्षमता हेजेसचा जी, फक्त फायनल स्कोअर, एसएफ-३६ उलटवून, आणि ते वगळून पुन्हा एकदा. बरे झाले-न झाले रिस्क रेशो, "बरे होणे" हीच बाजू. तीन वेगळे फॉरेस्ट प्लॉट. गाइडना सांगितलं, ते म्हणाले तीन कशाला, एकात बसवता येत नाही का. मी म्हटलं बरे झाल्याचे ओआर एसएमडीत बदलता येतात म्हणे? खरं का ते?

पीव्हॅल्यू

येतात. लॉग ओआर भागिले १.८१. स्टेथो सरांचा २.६७ घे, लॉग ०.९८, एसएमडी ०.५४. पण त्यात गृहीत धरलेलं असतं की "बरा" हा शिक्का एखाद्या सलग स्कोअरवर रेघ मारून दिलाय आणि तो स्कोअर ठरावीक आकाराचा आहे. तुझ्याकडे स्कोअरवाल्या स्टडीज पुरेशा आहेत, मग ही कसरत मुख्य निकालात कशाला? फारतर (पद्धत बदलून निकाल टिकतो का बघायच्या) सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिसमध्ये दाखव, गाइडही खूश.

जुना_स्टेथो

वेदनेचा पूल केलेला आकडा किती आला? कंबरदुखीत १०० मिमीच्या स्केलवर साधारण १५ चा बदल पेशंटला जाणवतो असं धरतात. त्याखाली असेल तर एवढा खटाटोप कशासाठी असं लोक विचारतील.

सिग्मा

@जुना_स्टेथो थोडा फरक आहे. ते १५ मिमी एकाच पेशंटच्या आधी-नंतरच्या बदलासाठी ठरवलेत, दोन गटांच्या सरासरीतल्या फरकासाठी नाहीत. सरासरी फरक १० आला तरी काही जणांना ३० नं उतार पडलेला असू शकतो. पंधराच्या खाली म्हणजे निरुपयोगी असं लिहू नये.

जुना_स्टेथो

मग वर की खाली हे ठरवायचं कशानं?

सिग्मा

त्यासाठीच तर "बरे झाले" वाला रिस्क रेशो सोबत पाहिजे.

कंबरपट्टा

एक शेवटची अडचण. प्रॉस्पेरोवर (अशा अभ्यासांचा आराखडा आधी नोंदवायची वेबसाइट) रजिस्टर करताना मी सगळ्यासाठी एसएमडी लिहिलं होतं, गाइडनी सांगितलं होतं म्हणून. आता बदललं तर चालतं का? का नियम मोडल्यासारखं होईल?

जिल्हाफिरस्ती

चालतं, रेकॉर्डमध्ये दुरुस्ती करा, तारीख आणि कारण टाका. प्रिस्मा २०२० (असे अभ्यास कसे लिहायचे त्याची मार्गदर्शक यादी) सुद्धा प्रत्येक आउटकमसाठी कुठलं माप घेतलं ते लिहायला सांगतं. खरा प्रश्न असा की पूल केलेले निकाल बघून बदलताय की आधी?

कंबरपट्टा

वेदनेचा एसएमडी बघितलाय, तिथूनच तर तो ३ सापडला. बाकी दोन्ही अजून चालवले नाहीत.

जिल्हाफिरस्ती

मग अगदी तसंच लिहा. वेदनेचं माप एसएमडीचा निकाल पाहिल्यानंतर बदललं, सगळ्या स्टडीजचं स्केल एकच निघाल्यामुळे, आणि मूळ एसएमडीचा निकाल पुरवणीत दिलाय. बाकी दोन आउटकमची दुरुस्ती आज रात्रीच रजिस्टर करा, आणि मग उद्या सकाळी आर (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) उघडा.